गोगलगाय, पोटात पाय : साळसूद चेहऱ्याच्या काल्पनिक सीरियल किलरांची तुलना कशी करावी

सीरियल किलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणी किती मारले? तिथून सुरू झालेली तुलना चहा निवायच्या आत संपते. आकडे सांगून झाले की बोलायला काही उरत नाही. साळसूद चेहऱ्याच्या खुन्यांच्या बाबतीत तर खून हाच तुलनेला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग. सुरी हातात आली की ते सगळे एकाच माळेचे मणी. वेगळे दिसतात ते सकाळी अकरा वाजता, ऑफिसात, दुकानाच्या गल्ल्यावर, बायकोने भाजी आणायला पिटाळल्यावर. तुलना त्या अकरा वाजताच्या माणसाची करायची. खाली दिलेली रीत सहा-आठ जणांच्या वाचक गटासाठी आहे, पण एकट्याने वही घेऊन बसलात तरी चालते.

कोणाला घ्यायचं, कोणाला गाळायचं

तीन पात्रं घ्या, फार तर चार. दोन घेतली की चर्चा ‘हा बरा की तो बरा’ इथे अडकते. पाच घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन वाक्यं येतात आणि सगळी यादीच होऊन बसते.

सीरियल किलर म्हणायचं कोणाला, हे आधी ठरवून टाका. एफबीआयने २००५ मध्ये तज्ज्ञांना बोलावून जी व्याख्या नक्की केली ती सुटसुटीत आहे: एकाच माणसाने वेगवेगळ्या प्रसंगी केलेले दोन किंवा अधिक खून. त्याआधी बऱ्याच ठिकाणी तीनचा आकडा धरत. आपल्या कामाला यातला ‘वेगवेगळ्या प्रसंगी’ हा तुकडा महत्त्वाचा, कारण दोन खुनांच्या मधे जो काळ जातो त्याच काळात मुखवटा कामावर असतो.

आता गाळण. ‘कहानी’ (२०१२) मधला बॉब विश्वास पहिल्या फटक्यात यादीत येतो: विमा एजंट, पोट सुटलेला, आधी नमस्कार आणि मग गोळी. पण तो सुपारी घेणारा आहे. त्याला मुखवटा लागतो तो धंद्यापुरता, आणि धंदा सुटला तर मुखवटाही सुटेल. नरभक्षक हॅनिबल लेक्टरला घेणारे बरेच असतात, पण १९९१ च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ सिनेमात तो सुरुवातीपासून गजाआड आहे आणि तो कोण हे भेटणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे चेहरा सभ्य असला तरी लपवायला काही उरलेलंच नाही. लेक्टर हवाच असेल तर २०१३ साली सुरू झालेली ‘हॅनिबल’ ही मालिका घ्या. तिथे तो अजून मानसोपचारतज्ज्ञ म्हणून उजळ माथ्याने वावरतो आणि पाहुण्यांना जेवायला बोलावतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गटाला सुरुवातीला सोयीची पडतात ती ही पात्रं: झी मराठीवरच्या ‘देवमाणूस’ (२०२०-२१) मधला बोगस डॉक्टर, हिचकॉकच्या ‘सायको’ (१९६०) मधला नॉर्मन बेट्स, ‘डेक्स्टर’ (२००६-१३) मधला डेक्स्टर मॉर्गन आणि ‘दहाड’ (२०२३) मधला हिंदीचा प्राध्यापक आनंद स्वर्णकार. पहिल्याला गाव देव म्हणतं. दुसऱ्याची लोकांना कीव येते. तिसरा पोलीस खात्यातच नोकरीला आहे. चौथ्यावर बायाबापड्या भरवसा ठेवतात, कारण तो शिकवणारा माणूस. मुखवटा चारही ठिकाणी वेगळ्या कापडाचा निघतो, म्हणून ही चौकडी चालते.

पुस्तक आणि पडदा एकत्र कालवू नका. १९५९ च्या कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, जाडा, चष्मा लावणारा, दारू पिणारा माणूस आहे. पडद्यावर तो सडपातळ, लाजरा, तरुण झाला. नाव तेच, मुखवटा दुसरा. कादंबरीतल्या नॉर्मनला पाहून आपण दोन पावलं मागे सरकू, पडद्यावरच्याला घरी जेवायला बोलावू. म्हणून कागदावर ‘नॉर्मन (सिनेमा)’ असंच लिहायचं.

तयारी

एक मोठा ताव, दोन रंगांची पेनं आणि दोन आठवडे. निळ्या पेनाने फक्त दिसलेलं-ऐकलेलं लिहायचं, लाल पेनाने आपला अंदाज. हे बारीक पथ्य वाटतं, पण अर्धी भांडणं इथेच मिटतात. ‘तो एकटा आहे’ हे लाल. ‘बारा खोल्या आहेत आणि बाराही रिकाम्या आहेत असं तो सांगतो’ हे निळं.

प्रत्येक गोष्ट दोनदा पाहायची. पहिल्यांदा वही बंद ठेवून. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत, आणि नोंदीशेजारी मिनिट लिहून. मालिका असेल तर सगळे भाग दोनदा बघणं शक्य नाही, शिवाय ‘देवमाणूस’सारखी रोजची मालिका वर्षभर चाललेली असते. तिथे पहिले पाच भाग, मधले कुठलेही पाच आणि शेवटचे पाच एवढं पुरतं. कादंबरी असेल तर पानाऐवजी प्रकरणाचा आकडा टाका. एकाकडे इंग्रजी प्रत, दुसऱ्याकडे अनुवाद असतो आणि पानं जुळत नाहीत. पावसाळ्यात बैठक ठेवणार असाल तर भाग आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा, ऐन रंगात लाईट गेली की पुन्हा गाडी रुळावर येत नाही.

तावावरचे रकाने

रकाने सातच ठेवा. मराठीत यासाठी शब्द तयार आहेत, मानसशास्त्राच्या पुस्तकातून उसने आणायची गरज नाही. सोंग घ्यावं लागतं, वठवावं लागतं, पोसावं लागतं, आणि कधी तरी ते उतरतं.

पहिला रकाना *कापड*: मुखवटा कशाचा आहे? नोकरी, संसार, लाजाळूपणा, पैसा, धर्म, आजारपण. दुसरा *शिवणारा*: तो कोणी शिवला? डेक्स्टरचा मुखवटा त्याने स्वतः शिवलेला नाही. त्याला वाढवणाऱ्या हॅरी या पोलिसाने लहानपणापासून बसवून शिकवलेला आहे, कधी हसायचं आणि कोणाला मारायचं नाही इथपर्यंत. ‘अमेरिकन सायको’मधल्या पॅट्रिक बेटमनचा (कादंबरी १९९१, सिनेमा २०००) तर तयार कपड्यासारखा आहे, त्याच्या वर्तुळातले सगळे तेच घालून फिरतात. म्हणून तर लोक त्याला सारखे दुसऱ्याच्याच नावाने हाक मारतात.

तिसरा *प्रेक्षक*: सोंग कोणासाठी? याच रकान्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे. चौथा *रोजचा खर्च*. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण इथे अक्षरशः वापरा: या माणसाचं पोट कशावर चालतं? बेटमनला प्रश्न नाही. डेक्स्टरला पगार आहे. पण महामार्ग दुसरीकडून गेल्यामुळे नॉर्मनच्या मोटेलात कोणी फिरकत नाही, तर तो खातो काय? सिनेमा याचं उत्तर देत नाही, आणि न दिलेलं उत्तरही नोंदवायचं असतं. खर्चात वेळही धरा. ऑफिसात डोनटचा खोका घेऊन जाणं, सहकाऱ्यांबरोबर बोलिंग खेळणं, मैत्रिणीच्या पोरांना सांभाळणं, ही डेक्स्टरची रोजची हप्तेबंदी आहे.

पाचवा *आपल्याला कधी कळलं*. सहावा *कुठे उसवलं*. सातवा *उतरल्यावर लोकांनी काय केलं*.

पाचव्या रकान्यामुळे पात्रांचे सरळ दोन गट पडतात. काही मुखवटे गावासाठी असतात आणि आपल्याला पहिल्यापासून आतलं दिसत असतं: देवमाणूस, डेक्स्टर, आनंद स्वर्णकार. काही आपल्यासाठीच असतात, शेवटपर्यंत आपल्यालाही फसवतात: नॉर्मन. ‘सायको’ लागला तेव्हा सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असं हिचकॉकने चित्रपटगृहांना बजावलं होतं, ते उगीच नाही. या दोन गटांना एकाच मापाने मोजलं की निकाल चुकतो. ‘नॉर्मन जास्त हुशार, कारण आम्हालाही कळलं नाही’ असं कोणी म्हणालं तर त्यांना थांबवा. ते कसब नॉर्मनचं नाही, कॅमेऱ्याचं आहे. आई कधी पाठमोरी, कधी सावलीत, कधी नुसता आवाज, हे ठरवणारा दिग्दर्शक आहे. नॉर्मनने फसवलं ते मोटेलात आलेल्या माणसांना.

एक प्रसंग जवळून

रकाने भरायची सवय लावायला ‘सायको’तला जेवणाचा प्रसंग घ्या. पाऊस पडतोय, पैसे पळवून निघालेली मॅरियन खोटं नाव लिहून खोली घेते, नॉर्मन किल्ल्यांच्या फळीपुढे जरासा घुटमळतो आणि एक नंबरची किल्ली काढतो. मग सँडविच आणि दूध घेऊन येतो. आधी खोलीच्या दारात उभा राहतो, आत पाऊल टाकायला लाजतो, आणि जेवण ऑफिसमागच्या बैठकीत मांडतो. तिथे भिंतीवर पेंढा भरलेले पक्षी. ती खाते, तो खात नाही, ती पाखरासारखं खाते असं म्हणतो. इथवर निळ्या पेनाने ओळीने लिहा.

आता ती सहज सुचवते की आईला कुठेतरी ठेवता येणार नाही का. नॉर्मन पुढे झुकतो, कॅमेरा जवळ येतो, आवाज खाली उतरतो आणि अडखळणं थांबतं. हे शेवटचं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. आतापर्यंत तोतरं-चाचरं बोलणारा पोरगा रागात आला की सलग बोलतो. सहाव्या रकान्यात पहिली नोंद इथे पडते, खुनाच्या कितीतरी आधी. शिवण नेहमी अशीच उसवते: बाहेरून कोणी ओढल्यामुळे नाही, आतून ताण आल्यामुळे.

आणि मग प्रेक्षकाचा रकाना. नॉर्मनचा प्रेक्षक कोण? पटकन उत्तर येतं: सगळे. चूक. शेरिफ पुढे सांगतो की नॉर्मनची आई दहा वर्षांपूर्वीच वारली, गावाला ठाऊक आहे. म्हणजे ‘आई आजारी आहे’ ही थाप गावासाठी नव्हतीच, ती फक्त येत्या-जात्या पाहुण्यांसाठी होती. गावाला तो पोरका, एकलकोंडा मुलगा. पाहुण्यांना आजारी आईची सेवा करणारा. दोन प्रेक्षक, दोन सोंगं, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही म्हणून दोन्ही चालतात. मॅरियनची बहीण आणि सॅम शेरिफकडे जातात तेव्हा ती गाठ पडते आणि सगळं उसवतं. तुमच्या तावावर ‘प्रेक्षक’ या रकान्यात एकच नाव असेल तर काहीतरी सुटलं आहे, पुन्हा बघा.

अस्तर

बेळगावच्या शहापुरात साडी घेताना पदर उलटा करून बघतात, तसं एकदा मुखवट्याचं अस्तर बघायचं: घरातल्या माणसांना काय दिसतं? ‘डेक्स्टर’च्या चौथ्या सीझनमधला आर्थर मिचेल, म्हणजे ‘ट्रिनिटी’ नावाने ओळखला जाणारा खुनी, यासाठी उत्तम नमुना आहे. चर्चमध्ये मानाचा माणूस, गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेचा कर्ताधर्ता, बायको-मुलांचा संसार. डेक्स्टर त्याच्याकडे जातो तोच मुळी हे शिकायला, की असा माणूस इतकी वर्षं संसार सांभाळून कसा राहिला. मग थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्यांच्या घरी बसल्यावर त्याला कळतं की हे घर भीतीवर चाललंय.

म्हणजे ‘संसार’ हे कापड दोघांचंही एकच, पण डेक्स्टरच्या घरच्यांना काही कळत नाही आणि मिचेलच्या घरच्यांना खून सोडून बाकी सगळं कळतं. ‘दोघेही कुटुंबवत्सल’ असं लिहून पुढे गेलात तर तुलना हुकलीच. एकाच गोष्टीतल्या दोन मुखवट्यांची अशी जोडी मिळाली तर ती आधी घ्या. तिथे काळ, देश, भाषा सगळं सारखं असतं, म्हणून उरलेला फरक स्वच्छ दिसतो.

तू की तुम्ही

आपल्या भागात ही अडचण नक्की येते. एकच मालिका गटातला एक इंग्रजीत बघून येतो, दुसरा हिंदी डबिंगमध्ये, तिसरा कन्नडमध्ये. इंग्रजीत समोरच्याला एकच सर्वनाम. हिंदीत तू-तुम-आप, कन्नडमध्ये नीनु-नीवु, मराठीत तू-तुम्ही-आपण. खुनी कोणाला अहो-जाहो करतो आणि कोणाला अरे-तुरे, हा मुखवट्याचा गाभाच आहे, आणि डबिंगमध्ये तो निर्णय संवाद लिहिणाऱ्याने घेतलेला असतो, मूळ लेखकाने नाही. तेव्हा ‘तो किती अदबीने बोलतो बघा’ ही नोंद डबिंगवरून करू नका. त्याऐवजी देहबोली आणि कृती नोंदवा: दार कोणासाठी उघडून धरतो, कोणाचं बोलणं तोडतो.

‘यू’मधल्या जो गोल्डबर्गच्या बाबतीत (कादंबरी २०१४, मालिका २०१८-२५) ही गोष्ट फारच टोकाला जाते. न्यूयॉर्कमधल्या पुस्तकाच्या दुकानाचा हा व्यवस्थापक मनातल्या मनात सगळं त्या मुलीला उद्देशून बोलत असतो. गटात त्याच्या एखाद्या प्रसंगाचा मराठीत अनुवाद करून बघा. तोंडावर ‘तुम्हाला अजून काही पुस्तकं दाखवू का?’ आणि मनात ‘तू आज केस मोकळे सोडलेस.’ दुसऱ्या वाक्यातल्या ‘तू’ने अंगावर काटा येतो, कारण तो ‘तू’ तिने त्याला दिलेला नाही, त्याने परस्पर घेतलाय. इंग्रजीत हे नुसतं जाणवतं, मराठीत कागदावर दिसतं. असा अनुवाद दहा ओळींचा पुरे.

उलट ‘देवमाणूस’मध्ये ही सोय मूळ भाषेतच आहे. डॉक्टर म्हाताऱ्याकोताऱ्यांशी ज्या मायेने बोलतो तीच त्याची शिवण. तिथे सर्वनामं जरूर नोंदवा.

गल्लीत आणून बसवणं

सात रकाने भरून झाले की ही परीक्षा घ्यायची. प्रत्येक पात्र उचलून आपल्या गल्लीत राहायला आणा आणि किती दिवस टिकतं ते बघा. मजेची गोष्ट आहे, पण निकाल गंभीर येतात, कारण प्रत्येक मुखवटा एका ठरावीक वस्तीच्या मापाने शिवलेला असतो.

नॉर्मनला बेळगावच्या जुन्या पी. बी. (पुणे-बेंगळुरू) रोडवर लॉज काढून द्या. वाहतूक बायपासवरून जाते, लॉज ओस, इथवर जुळतं. पण पाहुण्याला ‘आई आजारी असते’ म्हणून सांगितलेलं संध्याकाळपर्यंत समोरच्या चहाच्या गाड्यावर पोचतं आणि चहावाला म्हणतो, ‘त्याची आई? ती जाऊन दहा वर्षं झाली की ओ.’ बरं, गावालाही आई जिवंत आहे असंच सांगितलेलं असतं तर? मग दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू पेजेचा डबा घेऊन दारात: ‘आईस बरं नाही म्हणं. बघून तरी येतो की मी.’ (काकूच बोलतात, आणि इकडच्या बोलीत बायकाही ‘येतो’च म्हणतात.) आजारी माणसाला बघायला न जाणं हेच जिथे वाईट दिसतं तिथे ही थाप दोन दिवसही तगत नाही. निष्कर्ष असा लिहा: नॉर्मनच्या सोंगाला एकांत लागतो, माणसांची वर्दळ त्याला सोसत नाही.

बेटमनला बेळगावातल्या अनगोळात किंवा वडगावात भाड्याने खोली मिळाली तर तिसऱ्या दिवशी ‘गाव कुठलं? आडनाव काय? कुणाच्यातले?’ सुरू होतं. त्याचा मुखवटा म्हणजे कोणालाच कोणाचं नाव नीट ठाऊक नसणं. इथे तो उघडा पडेलच असं नाही, पण त्याला वेगळा मुखवटा शिवावा लागेल. डेक्स्टरचं तर पदच बसत नाही. रक्ताच्या शिंतोड्यांवरून घटना वाचणारा माणूस पोलीस ठाण्यातच टेबल टाकून बसलेला आपल्याकडे दिसत नाही, नमुने प्रयोगशाळेत जातात.

देवमाणूस मात्र अलगद बसतो. जिथे दवाखाना लांब, रात्रीची बस नाही आणि डॉक्टर फी घेताना हात आखडतो, तिथे त्याची पदवी कोणी विचारत नाही. ‘दुश्मन’ (१९९८) मधला गोकुळ पंडितही बसतो: पोस्टमन, म्हणजे ज्याच्यासाठी दार उघडायला कोणी कचरत नाही. दोघांचं कापड एकच, आपल्या गरजेचं. या गटातल्या खुन्याला विश्वास कमवावा लागत नाही, तो पदाबरोबर आयता मिळतो.

आनंद स्वर्णकारची परीक्षा घेताना सीमाभाग एकदम कामाला येतो. ‘दहाड’मध्ये तो इतका काळ निसटतो त्याचं मोठं कारण त्याची हुशारी नाही. मुली पळून गेल्या म्हणून घरच्यांनी लाजेने तोंड मिटलं, आणि जे थोडं नोंदलं गेलं ते वेगवेगळ्या ठाण्यांत विखुरलं. आता हेच निपाणी-कागल किंवा बेळगाव-चंदगड पट्ट्यात कल्पून बघा. शिनोळीपाशी राज्य बदलतं. एक तक्रार कन्नडमध्ये, दुसरी मराठीत, दोन वेगळ्या पोलीस दलांकडे. अशा ठिकाणी त्याच्या मुखवट्याचा अर्धा भाग दप्तरंच शिवून देतात. तुमच्या ‘शिवणारा’ रकान्यात खुन्याच्या नावाखाली एक ओळ मोकळी ठेवा, ती अशा गोष्टींसाठी.

काय बिघडतं आणि का

नटाचं देणं पात्राच्या खात्यावर पडतं. देखणा नट असला की त्याचा सीरियल किलरही ‘तसा वाईट नाही’ होतो. जो गोल्डबर्ग करणाऱ्या पेन बॅजलीला जानेवारी २०१९ मध्ये ट्विटरवर चाहत्यांना सांगावं लागलं होतं की बाबांनो, हा खुनी आहे, याच्या प्रेमात पडू नका. यावर उपाय सोपा: त्या प्रसंगातले संवाद कोरड्या आवाजात, नटाशिवाय, गटातल्या कोणाला तरी वाचायला सांगा. मोहिनी उतरते.

आजाराचं नाव चिकटवलं की विचार थांबतो. ‘सायकोपॅथ’ हा शब्द तावावर कुठेच येऊ देऊ नका. नॉर्मनच्या सिनेमाच्या नावात ‘सायको’ आहे म्हणून त्याला सर्रास तसं म्हणतात, पण शेवटी मानसोपचारतज्ज्ञ जे सांगतो ते दुभंगलेल्या मनाबद्दल आहे, थंड डोक्याच्या माणसाबद्दल नाही. बेटमन आणि नॉर्मन एका शब्दात कोंबले की दोघांतला फरक संपला.

खरी प्रकरणं मधे आणणं हा सगळ्यात मोठा मोह. ‘दहाड’ बघताना दक्षिण कन्नडमधलं सायनाइडचं प्रकरण आठवतं, ‘देवमाणूस’ बघताना साताऱ्याकडचं. आठवू दे, पण तावावर नको. काल्पनिक पात्राचं मन लेखकाने उघडून दाखवलेलं असतं. खऱ्या माणसाचं आपल्याला फक्त बातमीतून कळतं. शिवाय त्या बायकांची घरं अजून आहेत. एकाच रकान्यात दोघांना बसवलं की काल्पनिकाचं खरं वाटू लागतं आणि खऱ्याचं मनोरंजन होतं.

‘एक व्हिलन’ (२०१४) मधला राकेश महाडकर घेतलात तर एक इशारा. आडनाव आपलं, चाळकरी नोकरदार, बायकोची बोलणी मुकाट ऐकणारा, म्हणून त्याच्याविषयी वाटणारी कणव फार लवकर ‘बायकोमुळेच झालं’ इथवर घसरते. ती कणव हेच त्याचं कापड आहे. गटात असं कोणी बोललं की लगेच तिसऱ्या रकान्यात लाल पेनाने लिहा: प्रेक्षक, आपण.

आणि एक आठवा रकाना, नंतर जोडायचा. बैठक संपल्यावर ताव झाकून विचारा: मेलेल्यांची नावं सांगा. मॅरियन सगळ्यांना आठवते, कारण निम्मा सिनेमा तिचा होता. बाकीच्यांची किती आठवतात ते पात्रागणिक लिहून ठेवा. पुढच्या लिखाणात हा आकडा कामाला येतो.

लिहून काढताना

टिपण सहाशे ते आठशे शब्दांचं. कथानक सांगण्यात शंभरापेक्षा जास्त शब्द घालवू नका. ‘साम्य’ आणि ‘फरक’ असे दोन ढीग लावले की ते परीक्षेचं उत्तर होतं. त्यापेक्षा एक रकाना निवडा, जिथे तुमच्या तिघांत सगळ्यात जास्त अंतर पडलंय, आणि संपूर्ण टिपण त्यावरच चालवा. बाकीचे रकाने हाताशी ठेवा, गरज पडली तरच काढा. परिच्छेद साधारण असा उतरायला हवा:

‘नॉर्मन आणि डॉक्टर दोघेही सेवा करताना दिसतात. नॉर्मनची सेवा कोणाला दिसत नाही, ती फक्त सांगितली जाते, खिडकीतली सावली आणि नुसता आवाज एवढाच तिचा पुरावा. डॉक्टरची सेवा चारचौघांत, ओसरीवर, नाडी धरून चालते. म्हणून नॉर्मनला माणसं लांब ठेवावी लागतात आणि डॉक्टरला जवळ. एकाला पाहुण्याने दोन प्रश्न विचारले तरी घाम फुटतो. दुसऱ्याला प्रश्न विचारणाराच गावात वाईट ठरतो.’

यात खून एकही नाही, हे बघून ठेवा.

सातवा रकाना शेवटी लिहा, आणि तो भरताना हिचकॉकचाच १९४३ चा ‘शॅडो ऑफ अ डाउट’ एकदा बघून घ्या. श्रीमंत विधवांना मारणारा चार्लीमामा बहिणीच्या गावी, सांता रोझाला येतो. बहिणीच्या नवऱ्याच्या बँकेत ४०,००० डॉलर ठेवतो (‘सायको’त मॅरियन पळवते तीही रक्कम नेमकी ४०,०००, हिचकॉकला या आकड्याचं काय होतं कोण जाणे). भाचीला अंगठी देतो, तीवर दुसऱ्याच कोणाची अक्षरं कोरलेली असतात, आणि तिथून तिला उलगडत जातं. शेवटी तो मरतो. गाव त्याची थाटात अंत्ययात्रा काढतं. चर्चमध्ये त्याचं गुणगान चाललेलं असतं, आणि खरं काय ते ठाऊक असलेली भाची आणि तिच्याबरोबरचा पोलीस बाहेर उभे. ‘उतरल्यावर लोकांनी काय केलं’ या रकान्यात त्याच्यासमोर निळ्या पेनाने एवढंच लिहिता येतं: उतरलंच नाही.